तासाची भिंत

अक्का नव्या खोलीत राहायला येऊन चार दिवस झाले होते. पाचव्या दिवशी दुपारी मामा तिला भेटायला गेला, तर तिनं त्याला खुर्चीत धड बसूही दिलं नाही.

“त्या शेजारच्या गुरुजींना सांग, गुडघ्याला बाम जरा बेतानं चोळा म्हणावं. इथं माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय.”

“दार उघडं राहिलं असेल त्यांचं.”

“दार बंद, खिडकी बंद. माझंही दार बंद. वास भिंतीतून येतो.”

मामा हसला. “अक्का, भिंतीचं मला नको सांगूस. ही माझी भिंत आहे.”

“तुझी आहे ना? मग तूच तिचा वास घे.”

मामा म्हणजे अक्काचा धाकटा भाऊ. सदुसष्ट वर्षांचा वायरमन. अक्काचा मुलगा पूर्वी त्याच्या हाताखाली काम करायचा आणि मामा, मामा करत मागे फिरायचा. ते ऐकून सुतार मामा म्हणू लागले, मग रंगारी, मग ठेकेदार. शेवटी त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला पहारेकरीही त्याला मामाच म्हणायला लागला. खरं नाव उरलं ते फक्त परवान्यावर.

आणि भिंत त्याची होती हेही खरंच. ज्यांना आपल्या पायांनी चालता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी हे घर बांधलं होतं. तळमजल्यावर बावीस खोल्या, बावीस पलंग. एका वेळी कामावर तीन बाया. उद्या आग लागली तर तिघींनी बावीस जणांना उचलून बाहेर न्यायचं कसं? म्हणून नकाशा काढणाऱ्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. कुणाला उचलायचं नाही. ज्याचं त्याचं दार लावून घ्यायचं आणि बंब येईपर्यंत आत थांबायचं. तेवढा वेळ भिंतीनं द्यायचा. एक तास.

त्यासाठी दोन खोल्यांमधली भिंत साधी नव्हती. आत पत्र्याचे उभे खांब, दोन्ही अंगांना जिप्समचे दुहेरी बोर्ड, मधल्या पोकळीत न पेटणारी दगडी लोकर ठासलेली. कामावरची माणसं तिला ‘तासाची भिंत’ म्हणायची. अशा भिंतीत बटणासाठी भोक पाडलं की तो तास त्या भोकातून गळायला लागतो. म्हणून बॉक्स बसवायचा तो लोखंडी, आणि त्याच्या पाठीला आगीची पुट्टी गुंडाळायची. ही पुट्टी रंगाऱ्याची नव्हे. मळलेल्या मातीसारखी मऊ चादर असते, चांगली तापली की फुगते आणि भोक बुजवून टाकते. शिवाय इकडच्या बॉक्सची पाठ तिकडच्या बॉक्सच्या पाठीला लागता कामा नये, दोघांत दोन फूट अंतर हवं.

मामाच्या खिशात कायम पोलादी फूटपट्टी असायची. अंतर मोजल्याशिवाय तो खांबाला स्क्रू लावत नसे. आणि पुट्टी गुंडाळून झाली की तिचे चारही कोपरे अंगठ्यानं दाबायचा, शेवटी पाठीवर मधोमध एकदा. त्यामुळे त्यानं बसवलेल्या प्रत्येक बॉक्सच्या पाठीवर त्याच्या अंगठ्याचा ठसा असे. बोर्ड बसले, रंग झाला की तो ठसा कुणाला दिसत नसे. दिसावा अशी त्याची इच्छाही नव्हती.

तर त्या दुपारी तो उठला आणि पलंगाच्या उशाशी, भिंतीवर नाक नेलं. बटणाच्या प्लेटपाशी वास नव्हता. दिव्याच्या प्लेटपाशी नव्हता. कामावरच्या बाईला बोलवायची जी घंटा होती, तिच्या प्लेटपाशी नाक नेलं आणि बामाचा असा भपकारा आला की त्याला शिंक आली.

“आयुष्मान भव!” भिंतीतून आवाज आला.

मामानं अक्काकडं पाहिलं. अक्कानं हात पसरले, म्हणजे, बघ.

“चार दिवस हेच चाललंय,” ती म्हणाली. “सकाळी पेपर मोठ्यानं वाचतात, तो ऐकते. मी यांच्याबद्दल बाईपाशी काय बोलले, ते यांना पाठ आहे.”

“‘खडूस’ म्हणाल्या मला,” भिंत म्हणाली. “परवा. साडेदहा वाजता.”

मामा हसला नाही. त्यानं वरच्या खिशातला छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि प्लेटचे दोन स्क्रू सोडवले. प्लेट हातात आली. मागे बॉक्स नव्हताच. बोर्डाला कापलेला एक चौकोन, आणि त्यात अडकवलेली प्लास्टिकची नुसती चौकट, प्लेटला पकड मिळावी एवढ्यापुरती. चौकटीला पाठ नाही, पोट नाही. दगडी लोकर बोळे करून बाजूला सारलेली. पलीकडच्या बोर्डाला समोरासमोर तसाच चौकोन, आणि गुरुजींच्या प्लेटच्या फटीतून गुरुजींच्या खोलीतला उजेड. मधून एकच बारीक वायर गेलेली, एकीतून दुसरीत, दोन्ही घंटांना मिळून.

त्यानं त्या भोकात हात घातला. मनगट गेलं. तेवढ्यातच बोटं गुरुजींच्या प्लेटला लागली.

“कोण आहे? कोण टकटक करतंय?”

“वायरमन आहे, गुरुजी.”

“अहो, मग दारानं या की!”

मामानं हात बाहेर काढला. बाहीला पांढरी भुकटी लागली होती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे काम कुणाचं, ते त्याला विचारावं लागणार नव्हतं. बारीक वायरींचं, म्हणजे घंटा, फोन, टीव्ही यांचं सगळं काम एकाच माणसाच्या टोळीकडे होतं. अक्काच्या मुलाकडे.

“काय झालं रे?” अक्का म्हणाली. “तोंड का उतरलं तुझं?”

“काही नाही. प्लेट सैल होती.”

अक्कानं त्याच्याकडं पाहिलं. तिनं मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर फरसबंदी होती, एक कुंडी होती, आणि दोन पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या. मांडीचं हाड मोडल्यापासून चौदा महिने ती मुलाच्या घरी तिसऱ्या मजल्यावर होती. तिथं लिफ्ट नव्हती. खिडकीतून दिसायचं ते आभाळ आणि समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. इथं आल्या आल्या ती भावाला पहिलं वाक्य म्हणाली होती, “अरे, जमीन दिसते की!”

मामा तिथून उठला आणि व्यवस्थापक मॅडमच्या खोलीकडं निघाला. वाटेत बाईंना विचारून त्यानं आणखी तीन खोल्यांतल्या घंटांच्या प्लेटी उघडून पाहिल्या. तिन्ही ठिकाणी तेच. चौकट, भोक, उजेड.

मॅडम कामात होत्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात औषधांची यादी. त्यांनी मामाचं सगळं ऐकून घेतलं, मग कपाटातून एक फाइल काढली आणि त्याच्यासमोर उघडून ठेवली.

“हा कागद ओळखता?”

ओळखत होता. भिंत मिटवण्यापूर्वी भरायचा कागद. ‘आतील सर्व काम तपासले, बॉक्स व पुट्टी नियमाप्रमाणे आहे, बोर्ड लावण्यास हरकत नाही.’ खाली त्याची सही. वळणदार, जरा मोठी. लिहायला तो उशिरा शिकला होता, चाळिशी उलटल्यावर, अक्काकडूनच. तोवर अंगठा लावायचा. म्हणून सही करताना आजही जरा जास्त जागा घ्यायचा.

“सही तुमची, आणि तक्रारही तुमचीच?” मॅडम म्हणाल्या.

मामाला तो दिवस जसाच्या तसा आठवला. बोर्डवाले बोर्ड खांद्यावर घेऊन उभे होते. ठेकेदार ओरडत होता. मामाचे सगळे बॉक्स बसलेले, पुट्टी लागलेली. भाच्याच्या घंटांच्या जागा रिकाम्या. भाचा म्हणाला, “मामा, माझे बॉक्स दुपारी येतायत. तू सही कर, यांना एक बाजू लावू दे. दुसरी लावायच्या आत मी बसवून घेतो.” आणि मामानं सही केली. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर खांबाला टेकून दुपारपर्यंत उभा राहिला असता. पण भाचा होता. हाताला धरून शिकवलेला. दुपारी बॉक्स आले की नाही, ते त्यानं पाहिलं नाही. बोर्ड मिटल्यावर भोक कापून चौकट अडकवणं दोन मिनिटांचं काम, हे तो जाणून होता आणि तरीही त्याच्या मनात शंका आली नव्हती.

“सही माझीच आहे,” तो म्हणाला. “चुकीची आहे.”

“असं कसं म्हणता? या कागदावर आम्हाला घर उघडायची परवानगी मिळाली. बावीस कुटुंबं आहेत. आता तुम्ही म्हणता चुकीची!” मॅडमचा आवाज खाली आला. “हे बघा मामा, मलाही झोप यायला हवी. आमच्या माणसाकडून भोकांत कापूस भरून घेते. वास थांबेल, आवाज थांबेल. आणि तुमच्या बहिणीला कोपऱ्याची खोली देते. तिच्या उशाशी बाहेरची विटांची भिंत आहे. बागेकडं तोंड. उद्याच हलवू.”

“कापूस?”

“मग काय भरायचं?”

“मॅडम, कापूस पेटतो.”

“अहो, पण इथं आग लागतेय कशाला? आम्ही इथं काडीसुद्धा ठेवत नाही.”

“नाही लागत ना? मग दाराबाहेर ते लाल नळकांडं कशाला टांगलंय? शोभेला?”

मॅडमनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, “तुम्ही हे वर नेलंत, तर ते घर बंद करतील. निदान काही महिने. तुमची बहीण कुठं जाईल, याचा विचार करा.”

मामानं विचार केला नव्हता असं नाही. तो विचार त्याच्या आधी येऊन त्या खुर्चीत बसला होता. तिसरा मजला, पाण्याची टाकी.

बाहेर आला तेव्हा त्याचे कान तापले होते. राग कुणाचा यायचा, हेच ठरेना. मॅडमचा आला. ठेकेदाराचा आला. भाच्याचा तर असा आला की तिथल्या तिथं त्याला समोर उभं करून फूटपट्टीनं बोटांवर मारावं. पण सगळ्यात जास्त राग आला तो त्या वळणदार सहीचा.

रविवारी भाचा आईला भेटायला आला. दाढी केलेला, हसरा, हातात संत्री. मामा आधीच येऊन बसला होता. त्यानं काही न बोलता घंटेची प्लेट उघडली आणि भाच्याच्या तळहातावर ठेवली.

भाच्यानं आधी प्लेटकडं पाहिलं, मग भोकाकडं. “हां. ते होय.”

“ते होय?”

“मामा, अरे ही कमी दाबाची वायर आहे. बारा व्होल्ट. जिभेला लावलीस तर गुदगुल्या होतील फार तर. तिला शॉक नाही, ठिणगी नाही. तिला कशाला हवा लोखंडी बॉक्स?”

“मी तुला वायरीबद्दल विचारलं?”

“मग?”

“तुझ्या वायरीला नाही लागणार आग. मान्य. आग तिकडं गुरुजींच्या खोलीत लागेल. आणि ती काही वायरीला व्होल्ट विचारत बसणार नाही. ती भोकातून येईल. धूर तर तिच्याही आधी येईल. भोक किती व्होल्टचं आहे रे तुझं?”

भाचा जरा हसला, कारण ते ऐकायला गमतीचं होतं. पण मामाचा चेहरा पाहून त्यानं हसू गिळलं.

“सगळेच असं करतात, मामा. बारीक वायरवाले सगळे. तू मोठ्या वायरीचा माणूस, तुला सवय आहे पुट्टीची. आम्हाला कुणी शिकवलंच नाही हे.”

“मी शिकवलं!” मामा ओरडला. दारातून जाणारी बाई थबकली. “माझ्या हाताखाली सहा वर्षं होतास तू! पुट्टीचे कोपरे दाबून दाबून तुझी नखं काळी झाली होती. आणि आता म्हणतोस, शिकवलं नाही?”

“हळू बोल रे,” भाचा म्हणाला. “बॉक्स आले नाहीत त्या दिवशी. ठेकेदार म्हणाला, आता कुठले थांबता, चौकटी मारा. मी मारल्या. चूक झाली. मला काय माहीत, ही आईची खोली होणार? तेव्हा खोल्यांना नंबरसुद्धा नव्हते. आईची खोली आहे हे माहीत असतं, तर मी स्वतः बॉक्स बसवला असता इथं. पुट्टीसकट.”



अक्का आतापर्यंत संत्रं सोलत होती. तिनं सालं एका बाजूला ठेवली, फोडी दुसऱ्या बाजूला. मग मुलाकडं पाहिलं.

“पुन्हा बोल.”

“काय?”

“आता जे बोललास ते.”

“आई, मी म्हटलं, तुझी खोली आहे हे माहीत असतं तर...”

“तर बॉक्स बसवला असतास. म्हणजे बसवायला येतो तुला.”

“येतो की.”

“आणि बसवायला हवा, हेही माहीत होतं.”

भाचा हातातली प्लेट उलटी करून बघू लागला.

“म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं,” अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हातातली फोड चेपून रस मनगटावर आला होता. “फक्त तुझी आई नव्हती म्हणून चालून गेलं. पलीकडे ते गुरुजी आहेत, ते कुणाचे कोण नाहीत? आठ नंबरला ती बाई आहे. तिचं तोंड वाकडं झालंय, तिला ‘वाचवा’ म्हणताही येत नाही. तिच्या उशाशी काय लावलंस?”

“चौकट,” भाचा पुटपुटला.

“मला ऐकू आलं नाही.”

“चौकट, आई.”

“मलाही आलं ऐकू,” भिंतीतून गुरुजी म्हणाले.

“तुम्ही मधे बोलू नका हो!” अक्का भिंतीवर ओरडली. मग मामाकडं वळली. “आणि तू. तू गेलास ना परवा मॅडमकडं? बाईनं सांगितलं मला. कोपऱ्याची खोली देतायत म्हणे. बाग दिसते तिथून.”

“दिसते,” मामा म्हणाला.

“मग आज रविवार. तीन दिवस तोंडाला कुलूप लावून का बसलास?”

“अक्का, मी कागद मागे घेतला तर घर बंद होईल. तुला परत तिसऱ्या मजल्यावर...”

“मला विचारलंस?”

मामा खाली बघू लागला.

“हा आईची खोली म्हणून बॉक्स बसवणार, तू बहिणीची खोली म्हणून तोंड मिटणार. शोभता खरे मामा-भाचे!” अक्काचा श्वास वर गेला होता. “तुला सही करायला मी शिकवली. पाटीवर हात धरून शिकवली. त्यापेक्षा अंगठाबहाद्दर होतास तेच बरं होतं. अंगठा लावायच्या आधी निदान चार माणसांना विचारायचास, कागदात काय लिहिलंय.”

हे मामाला लागलं.

अक्कानं हात लांब करून मुलाच्या हातातल्या प्लेटचा घंटेचा दोर ओढला. बाहेर दिवा लागला, बाई आली.

“मॅडमना सांग, मला कोपऱ्याची खोली नको. आणि एक कोरा कागद आण.”

“दोन आणा,” भिंत म्हणाली. “माझ्याकडे पेन आहे. मजकूर मी सांगतो. पस्तीस वर्षं पोरांना अर्ज लिहायला शिकवलंय.”

“शुद्धलेखन तुमचं, मजकूर माझा,” अक्का म्हणाली.

अर्ज तिथंच लिहिला. अक्का सांगे, गुरुजी भिंतीपलीकडून शब्द दुरुस्त करीत, आणि लिहायला मामा बसला. ‘मी खाली सही करणारा वायरमन. भिंत मिटण्यापूर्वी मी आतील सर्व काम तपासले असे लिहून दिले होते. ते खरे नाही. घंटांच्या जागा मी पाहिल्या नाहीत.’ इथवर आल्यावर मामाचं पेन थांबलं.

“लिही,” अक्का म्हणाली.

“भाच्याचं नाव लिहायचं का?”

भाचा दारापाशी उभा होता. त्याचा चेहरा रंग उडालेल्या भिंतीसारखा झाला होता. अक्कानं त्याच्याकडं पाहिलं नाही.

“त्याचं त्याला लिहू दे. कागद दोन मागवलेत.”

मग भाचा आत आला, दुसरा कागद घेतला आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवून लिहू लागला.

सोमवारी मामा दोन्ही कागद घेऊन परवाने देणाऱ्या कार्यालयात गेला. तिथल्या अधिकाऱ्यानं ते दोनदा वाचले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. “दुसऱ्याच्या सहीविरुद्ध तक्रारी रोज येतात,” तो म्हणाला. “स्वतःच्या सहीविरुद्ध घेऊन आलेले तुम्ही पहिलेच.”

“मग लवकर हालचाल करा,” मामा म्हणाला. “तिथं बावीस माणसं झोपतात.”

अधिकारी दुसऱ्या दिवशी स्वतः आला. त्यानं प्लेटी उघडल्या, भोकांत बॅटरी मारली, मॅडमना कापसाबद्दल जे बोलायचं ते बोलला. घर बंद केलं नाही. दोन दोन खोल्या रिकाम्या करून पंधरा दिवसांत सगळ्या भिंती नीट करायच्या, आणि तोवर बाहेर चोवीस तास एक जास्तीचा पहारेकरी उभा ठेवायचा, असा हुकूम दिला. ठेकेदाराला नोटीस गेली. भाच्याच्या टोळीचं काम थांबवलं, फक्त इथली दुरुस्ती सोडून. मामाचा परवाना एक वर्षासाठी जमा झाला. सदुसष्टाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे काय, ते अधिकाऱ्यालाही कळत होतं आणि मामालाही.

कामाला सुरुवात झाली. अधिकाऱ्यानं विचारलं, कुठल्या खोलीपासून? मॅडम म्हणाल्या, अक्कांपासून, त्यांनीच तर शोधलं.

“आठ नंबर आधी,” अक्का म्हणाली. “आमची शेवटी. गुरुजींना ओरडता येतं, आणि मला तर काय, तुम्ही ऐकताच आहात.”

म्हणून आठ नंबरपासून सुरुवात झाली. पलंग बाहेर काढले, घंटांभोवतीचे बोर्ड हातभर कापून काढले. मामाला आता कामाला हात लावायची परवानगी नव्हती. तो स्टुलावर बसून राही, मांडीवर फूटपट्टी. भाचा गुडघ्यांवर बसून खांबाला लोखंडी बॉक्स लावी. एक इकडं, दुसरा दोन फूट सरकवून तिकडं. पाठीला पुट्टी गुंडाळी. वायर जिथून आत शिरते ती जागा लिंपून घेई. लोकर परत ठासून भरी. कापलेली जागा दुहेरी बोर्डानं मिटवून सांधे बुजवी.

“कोपरा,” मामा म्हणे.

भाचा कोपरा दाबी.

“दुसरा.”

“दाबला, मामा.”

“दाबलास म्हणून सांगू नकोस. ठसा दिसू दे.”

पहिल्या दिवशी भाचा चिडला. दुसऱ्या दिवशी गप्प राहिला. चौथ्या दिवशी त्याची नखं काळी झाली. अक्का चाकांच्या खुर्चीत दारात येऊन बसायची आणि बघायची. मुलाशी फारसं बोलायची नाही. एकदा फक्त म्हणाली, “तो डावा कोपरा सुटलाय.” आणि सुटला होता.

तेराव्या दिवशी अक्काची आणि गुरुजींची भिंत झाली. नवे बोर्ड, नवा रंग. अधिकाऱ्यानं भिंत उघडी असतानाच सगळं तपासून ठेवलं होतं, आता फक्त सही राहिली होती. मामाच्या जागी दुसऱ्या एका वायरमनची. त्या माणसानं पेन काढलं, तेव्हा मामा म्हणाला, “थांबा. गुरुजी, बाम आहे?”

“नवी बाटली आहे,” दारातून गुरुजी म्हणाले.

“जा आत. दार लावा. चोळा.”

गुरुजी खुर्चीची चाकं फिरवत आत गेले. दार लागलं. अक्का घंटेच्या प्लेटला नाक लावून बसली. सगळे उभे. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

“येतो?” मामानं विचारलं.

“नाही.”

“आवाज?”

अक्कानं कान लावला. पलीकडे गुरुजी बहुतेक पेपर वाचत होते, काय वाचत होते देव जाणे. “काही नाही,” ती म्हणाली. मग जरा वेळानं, कुरकुरत, “आता सकाळच्या बातम्या मला कोण सांगणार?”

त्या दुसऱ्या वायरमननं सही केली. लहानशी, घाईतली. मामा ती बघत राहिला आणि मग त्यानं नजर काढून घेतली. अधिकारी कागद घेऊन बाहेर गेला.

भाचा आपली हत्यारं पिशवीत भरत होता. पाठमोरा. मामानं स्टूल त्याच्या जवळ ओढलं.

“एक विचारतो. खरं सांग.”

“काय?”

“त्या ठेकेदारानं तुझ्याकडून अशा चौकटी आणखी कुठं कुठं मारून घेतल्या?”

भाच्याचा हात पिशवीत तसाच राहिला. अक्कानं खिडकीकडली मान वळवली.

“कुठं नाही,” तो म्हणाला. आणि मग, कुणी काही न बोलताच, “त्या मुलींच्या वसतिगृहात.”

“किती मजले?”

“चार.”

“आणखी?”

“नदीपलीकडचं बाळंतपणाचं हॉस्पिटल. पण तिथं फक्त फोनच्या जागा, मामा. फक्त फोन.”

“फक्त फोन!” मामा उठला. इतक्या जोरात उठला की स्टूल आडवं झालं. पंधरा दिवस निवत आलेला राग पुन्हा त्याच्या मानेपर्यंत चढला. परवाना नव्हता, सही चालणार नव्हती, कुठल्याही कामावर त्याला कुणी आत घेणार नव्हतं. त्यानं फूटपट्टी खिशात घातली.

“अधिकारी अजून बाहेर गाडीपाशी असेल. चल.”

“आत्ता? मामा, अरे, निदान हात तरी धुऊ दे.”

“नको धुऊस,” अक्का पलंगावरून म्हणाली. “तसेच काळे दाखव त्याला. आणि लिहून दे म्हणावं, मजल्यांसकट. जा.”

भाचा आईकडं बघत एक क्षण उभा राहिला. तेरा दिवसांत ती पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघत होती.

“उभा काय राहिलास?” ती म्हणाली. “तिथंही कुणाच्या तरी आया झोपतात.”